आग्नेयेचा वारा

सेशेल्सला जायचं असेल तर एप्रिलमध्ये जा नाहीतर ऑक्टोबरमध्ये, असं जो तो सांगतो. त्या दिवसांत वारा पडलेला असतो, समुद्र निपचित असतो, पाण्याचा तळ वरून दिसतो. सल्ला बरोबरच आहे. पण आम्ही मे संपता संपता गेलो, आणि मुद्दाम गेलो. मेमध्ये तिथे आग्नेयेचा वारा धरतो, तो ऑक्टोबरपर्यंत सुटत नाही. दिशा बदलत नाही, फार दमही खात नाही. आम्हाला बेटं पाहायची होती, पण शिडाच्या बोटीनं पाहायची होती. शिवाय पुण्यात जूनमध्ये जो पाऊस पडतो त्याची वाट याच वाऱ्यापासून सुरू होते, आणि माझ्यासाठी ते कारण बेटांपेक्षाही मोठं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर हिंदी महासागर काढायचा, मधून विषुववृत्ताची रेघ ओढायची. रेघेच्या खालून एक तिरका बाण: आग्नेय व्यापारी वारे. रेघ ओलांडली की फेरेलच्या नियमानं, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे, तो बाण उजवीकडे वळतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून सोमालियाजवळून फिरतो आणि नैऋत्य मोसमी वारे हे नाव घेऊन आपल्या किनाऱ्यावर येतो. मुलं वहीत बाण उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर काढतात. त्या बाणाच्या शेपटाशी, विषुववृत्ताच्या साडेचार अंश दक्षिणेला, सेशेल्सची बेटं आहेत. शाळेच्या नकाशात ती खडूच्या ठिपक्याएवढीही येत नाहीत.

आमचा गट मूळचा सह्याद्रीतला. शनिवारी संध्याकाळी स्वारगेटला जमायचं, मिळेल त्या एसटीनं वेल्हं नाहीतर भोर गाठायचं, रात्री कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात पथारी टाकायची आणि उजाडायच्या आत चढायला लागायचं, यात आमची उमेदीची वर्षं गेली. राजगडाच्या पद्मावती माचीवर गटातल्या दोघांची लग्नं ठरली. आता बहुतेकांनी साठी गाठली आहे. ताईंचे दोन्ही गुडघे बदलून झाले. सरांना हृदयाच्या दुखण्यापासून चढ वर्ज्य आहे. भेटी थांबल्या नाहीत, पण त्या घरात नाहीतर हॉटेलात व्हायला लागल्या, आणि बोलणं गोळ्या, सोसायटीचा पुनर्विकास, परदेशातली मुलं एवढ्यावर येऊन थांबायला लागलं. काही माणसं उघड्यावरच भेटावी लागतात. समोर वारा, तहान, पुढची वाट असं काहीतरी असल्याशिवाय ती खुलत नाहीत. आमची माणसं तशी आहेत.

कॅप्टन नौदलातून निवृत्त झालेला. हुद्दा वेगळा होता, पण गटात तो कॅप्टनच. एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाची होडी हाकायला शिकला, ते वेड त्याचं सुटलेलं नाही. एका रविवारी ताईंकडे तो म्हणाला, "किल्ल्यावर जाता येत नाही ना? मग बोटीवर चला. चढ नाही, उतार नाही. बसायचं आणि सांगेन तेव्हा दोर ओढायचा."

"मला पोहता येत नाही, चालेल का रे?" ताईंनी विचारलं.

"लाइफ जॅकेट घालून बसा ताई. पोहायचं काम बोटीचं."

सहा जण ठरलो. कॅप्टन, ताई, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, आमची बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, हिंजवडीत नोकरी करणारा गटातला धाकटा, आणि मी. कॅप्टनकडे परवाना होता म्हणून बोट चालकाशिवाय भाड्यानं मिळाली. खर्च सहा जणांत वाटल्यावर जो आकडा आला तो किनाऱ्यावरच्या हॉटेलांपेक्षा कमी होता, तरी आमच्यासारख्यांना दोन वर्षं बाजूला टाकावे लागतील इतका होता. टाकले.

मुंबईहून विमानानं चारेक तास. माहे हे सगळ्यांत मोठं बेट, तिथे व्हिक्टोरिया ही राजधानी. अख्ख्या देशाची वस्ती लाखाच्या घरात, म्हणजे पुण्याचं एखादं उपनगर. बाजारापासून थोडं चाललं की रंगीत गोपुर दिसतं आणि आत चक्क गणपती. नवशक्ती विनायगर. तिथल्या तमिळ मंडळींनी १९९२ मध्ये उभारलेलं देऊळ आहे. ही माणसं आज-कालची नव्हेत; १७७० मध्ये फ्रेंचांनी या बेटांवर पहिली वस्ती केली त्या मूठभरांतही भारतीय होते. ताईंनी दूर्वा शोधल्या, मिळाल्या नाहीत, जास्वंद मिळाली.

बाजारात शिधा भरताना मला कोकणात आल्यासारखंच वाटत होतं. नीरफणस, बिलिंबी, कढीपत्ता, दालचिनी. दालचिनी तर माहेच्या डोंगरांवर रानासारखी माजली आहे. किनाऱ्यावरच्या ज्या झाडाला तिथे 'ताकामाका' म्हणतात ती आपली उंडी. तीच चकचकीत पानं, तीच गोल फळं, ज्यांचं तेल कोकणात एके काळी दिव्याला जळायचं. धाकट्यानं एक मोठा लाल मासा घेतला. विकणारी बाई नीरफणस पिशवीत घालताना म्हणाली, हा खाल्ला की माणूस इथे परत येतो, असं आम्ही म्हणतो. गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी पुण्याहून आलेली होतीच.

बोट कॅटामरान जातीची होती. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून वर एकच माची टाकावी तशी तिची घडण. पाणी मोजून वापरायचं, संडासाचा पंप हातानं मारायचा, अंधार पडायच्या आत नांगर टाकायचा अशा अटी करारातच होत्या. आम्हाला त्यांचं काही वाटलं नाही. गडावर टाक्यातलं पाणी आम्ही अशाच हिशेबानं वापरलं होतं.

माहेहून प्रालिन बेट ईशान्येला आहे, सुमारे चोवीस सागरी मैलांवर. वारा आग्नेयेचा. म्हणजे तो सरळ उजव्या कुशीवर येतो, आणि शिडाची बोट सगळ्यांत मोकळी धावते ती अशाच वाऱ्यात. बंदराच्या बाहेर आल्यावर कॅप्टननं बोट वाऱ्याच्या तोंडावर धरली आणि आम्हाला मोठं शीड चढवायला लावलं. शीड वजनदार असतं, शेवटचा हातभर भाग तर अंगातली सगळी ताकद मागतो. ते पूर्ण चढवायचं नव्हतं, वाऱ्याचा जोर पाहून एक पट्टी आवरून घ्यायची होती. मग बोट वळली, पुढचं शीड उघडलं, आणि कॅप्टननं इंजिन बंद केलं.

तो क्षण सांगायला हवा. इंजिनाची घरघर थांबली आणि बोटीचा वेग वाढला. आधी पाण्याचा आवाज आला, मग दोरांचा, मग वाऱ्याचा. बोट जणू मान मोडून निजली होती आणि आता जागी होऊन चालायला लागली. डॉक्टरला पहिल्या तासात मळमळलं. आलेपाक तोंडात धरून ती क्षितिजावर डोळे लावून बसली, आणि हळूहळू तिचा रंग परत आला. कॅप्टननं ताईंना बोलावून सुकाणू त्यांच्या हातात दिलं. "त्या डोंगराच्या डाव्या टोकावर नाक ठेवा. बोट वाऱ्याकडे वळायला बघेल, तिला जरा धरून ठेवा." ताईंनी चष्मा दोरीनं बांधून घेतला आणि प्रालिन जवळ येईपर्यंत सुकाणू सोडलं नाही. चहा दिला तर म्हणाल्या, "खाली ठेव, आत्ता हात मोकळा नाही." तोरण्याच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या ताई याच स्वरात बोलायच्या. तो स्वर मी किती दिवसांनी ऐकत होते.

सर मात्र खोली दाखवणाऱ्या आकड्याकडे बघत होते. पन्नास मीटर, बावन्न, पंचावन्न, पुन्हा पन्नास. भोवती कुठेही जमीन नाही, अथांग म्हणावा असा समुद्र, आणि तळ एवढा वर. "आपण पठारावरून चाललोय," सर म्हणाले. ही सगळी बेटं एकाच बुडालेल्या पठाराची डोकी आहेत. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. तेव्हा माहेहून प्रालिनला चालत जाता आलं असतं. गटातल्या प्रत्येकानं खाली पाण्यात पाहिलं. पठारावरच्या वाटा आम्हाला ठाऊक असतात.

मी उजवा गाल वाऱ्याकडे करून बसले होते. आत्ता माझ्या अंगावरून गेलेली हवा विषुववृत्त ओलांडेल, पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांना अडून उत्तरेला दाबली जाईल, सोमालियाच्या किनाऱ्याशी तिचा झोत होईल, अरबी समुद्रावरून बाष्प उचलत ती आपल्याकडे वळेल. केरळात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख १ जून, पुण्यात १० जून. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. तिथे आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पिढ्यान् पिढ्या माणसं या वाऱ्याचा माग काढत आली. खडकवासल्याचं धरण किती भरलं हे आपण रोज पेपरात बघतो, त्या पाण्याची पहिली हालचाल इथे, माझ्या गालावर होत होती. इतकी वर्षं जे मी सांगत आले ते खरं आहे, हे मला अंगावर कळलं. शिकवणाऱ्या माणसाला असा दिवस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या रात्री आम्ही क्युरियूज बेटाच्या आडोशाला थांबलो. कॅप्टन पाण्याचा चष्मा लावून खाली उतरला आणि बोट ज्या दोरावर होती त्याची गाठ स्वतः पाहून आला. "झोप लागायची तर हे बघूनच," म्हणाला. धाकट्यानं पिठलं-भात केला, वर माशाचा रस्सा. दिवे मालवून आम्ही बोटीच्या पुढच्या जाळीवर आडवे झालो.

मे-जूनच्या रात्री राजगडावरून दक्षिणेला, पार क्षितिजाला टेकलेला त्रिशंकू दिसतो. धुरकट हवा असली की दिसतही नाही. तो दिसावा म्हणून आम्ही जागलो आहोत. इथे तो निवांत वर होता, चारही तारे स्वच्छ. मागे वळलो तर उत्तरेला जवळपास तेवढ्याच उंचीवर सप्तर्षी, उलटे टांगलेले. सरांनी सवयीनं सप्तर्षींच्या पहिल्या दोन ताऱ्यांवरून ध्रुवाकडे बोट नेलं. बोट पाण्यात गेलं. ध्रुव क्षितिजाच्या खाली होता. आम्ही सगळे जन्मात पहिल्यांदा ध्रुव नसलेल्या आकाशाखाली झोपत होतो. ताई म्हणाल्या, "आपण इतक्या वर्षांत असे उताणे पडून बोललोच नव्हतो." मग त्या त्यांच्या यजमानांबद्दल बोलल्या. शेवटच्या आजारपणाबद्दल, त्या काळात आमच्यापैकी कुणालाच त्यांनी घरी का येऊ दिलं नाही त्याबद्दल. ते सगळं मी इथे लिहिणार नाही. पण हॉटेलातल्या टेबलापाशी ते कधीही निघालं नसतं.

क्युरियूजवर महाकाय कासवं मोकळी फिरतात. त्यांच्या मानेखाली खाजवलं की ती चारी पायांवर उंच होऊन मान लांबवतात. लहान मूल जसं हात वर करतं तितकं सरळ. याच बेटावर १९६५ पर्यंत कुष्ठरोग्यांना आणून ठेवत. त्यांच्या डॉक्टरचं १८७३ मधलं लाकडी घर अजून उभं आहे. आमची डॉक्टर त्या घराच्या व्हरांड्यातून लवकर हलली नाही.

प्रालिनच्या व्हॅले द मे या रानात दर्याचा नारळ पाहिला. १९८३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. वनस्पतींच्या साऱ्या दुनियेत सगळ्यांत मोठं बी याचं, वीस-पंचवीस किलोंपर्यंत भरतं, आणि पिकायला सहा-सात वर्षं लागतात. हे झाड मुळात फक्त याच बेटांवर होतं. पण नारळ वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागायचे, आणि १७६८ मध्ये प्रालिनवर झाड सापडेपर्यंत ते कुठून येतात हे कुणालाच माहीत नव्हतं. समुद्राच्या तळाशी याचं झाड असतं असं लोक समजत. फकिराच्या हातातलं काळं, होडीच्या आकाराचं भिक्षापात्र याच नारळाचं. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात याचे वाळके तुकडे मी लहानपणी पाहिलेले आहेत. रानात वारा शिरला की ती पानं एकमेकांवर आपटतात आणि पत्र्यावर पत्रा पडल्यासारखा आवाज होतो.

ला दीग बेटाबद्दल फार लिहीत नाही. गुळगुळीत गुलाबी-करड्या खडकांचा तिथला किनारा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो आणि तो फोटोइतकाच सुंदर आहे. सायकली भाड्यानं मिळतात. ताई, नव्या गुडघ्यांनी, चालवत होत्या.

मला जास्त सांगायचंय ते कूझँबद्दल. तीस हेक्टरांच्या आतलं चिमुकलं बेट. तिथे आपल्या बोटीनं उतरू देत नाहीत. उंदीर चुकून जाऊ नयेत म्हणून बेटावरचे रक्षक स्वतःची होडी घेऊन येतात, त्यांच्याच होडीनं जायचं. एके काळी इथे सगळीकडे नारळाची लागवड होती. १९६८ मध्ये हे बेट पक्ष्यांसाठी विकत घेतलं गेलं तेव्हा सेशेल्स वॉर्बलर ही वटवट्यांची जात जगात तीसही उरलेली नव्हती, आणि जे होते ते सगळे याच बेटावर. नारळ काढले, मूळची झाडं वाढू दिली. पक्षी वाढले, मग इतर बेटांवरही नेऊन सोडले. आता ते हजारांत आहेत. झुडपात चुटचुट करणारा तो मातकट, साधा पक्षी दाखवून रक्षक म्हणाला, "हाच तो." त्यानं आणखी काही सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

पुढे एका उंडीच्या आडव्या फांदीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर, पांढरा सुरय बसलेला होता. पूर्ण पांढरा, डोळे काळेभोर, चोच मुळाशी निळसर. हातभर अंतरावरून आम्ही पाहत होतो तरी उडाला नाही. थोडा सरकला तेव्हा पोटाखाली अंडं दिसलं, करडं, तपकिरी शिंतोड्यांचं. घरटं नाही. एक काडीसुद्धा नाही. फांदीवर कधीतरी साल निघून झालेला एक उथळ खळगा, त्यात ते अंडं. हा पक्षी घरटं बांधतच नाही, असाच उघड्या फांदीवर एक अंडं घालतो. वाऱ्यानं फांदी खालीवर होत होती, पक्ष्याच्या पाठीची पिसं उलटी होत होती आणि तो वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. नांगरावर बोट बसते तसाच, नाक वाऱ्यात. पिल्लू बाहेर येतं तेच मोठे पंजे घेऊन, फांदी धरायला. डॉक्टरनं रक्षकाला विचारलं, "पडत नाहीत?" तो म्हणाला, "पडतात. मग ती दुसरं घालते." डॉक्टरचा सारा जन्म अर्भकं जगवण्यात गेलेला. ती बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत होती.

सर आतापर्यंत आनंदात होते, पण सिलुएट बेटाचा दिवस आला तसे ते गप्प झाले. प्रालिनहून पश्चिमेला दिवसभराचं अंतर. सकाळपासून बेट समोर दिसत होतं, सातशे मीटरहून उंच, एकसंध, माथ्यावर ढगाची टोपी. आसपासच्या समुद्रावर स्वच्छ ऊन आणि ढग फक्त बेटावर, कारण वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो. शाळेच्या पुस्तकातला प्रतिरोध पाऊस. वाऱ्याच्या बाजूला पाऊस कोसळताना दिसत होता, पलीकडची बाजू कोरडी. मुळशी आणि शिरूर, एका नजरेत मावणारे. डोंगराच्या आडोशाला गेल्यावर वारा तुटक झाला. मधेच माथ्यावरून झोत खाली उतरायचा आणि बोट दचकायची. कॅप्टननं शिडं उतरवली.

आणि मग सरांनी सांगितलं. माहे, प्रालिन, ला दीग यांचा ग्रॅनाइट पंचाहत्तर कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीपुढे तो पणजोबांचा पणजोबा. पण सिलुएट आणि त्याच्या शेजारचं नॉर्थ बेट वेगळं. त्यांचा खडक सुमारे ६.३ कोटी वर्षांचा. दख्खनचा लाव्हा वाहिला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ही बेटं ज्याचे तुकडे आहेत ते भूखंड आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेलं होतं. मादागास्कर त्याआधीच सुटलं होतं. लाव्हाच्या त्या धुमाळीतच भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये चीर पडली, समुद्र आत आला, भारत ईशान्येला निघून गेला आणि हा तुकडा मागे राहिला. चीर पडत असताना जो ज्वालामुखी इथे पेटलेला होता त्याचं पोट म्हणजे सिलुएट. "सिंहगडाचा कातळ आणि हा, एकाच घरातले," सर म्हणाले. "मी आयुष्यभर हे एका वाक्यात शिकवलं. पोर्शनला तेवढंच होतं."

किनाऱ्यावर उतरायला सोयीची जागा नव्हती. धाकट्यानं रबरी डिंगी सोडली आणि सरांना घेऊन गेला. आडोशाला पाणी शांत होतं, लाट हलकेच वर-खाली होत होती. खडकाला डिंगी लागू नये म्हणून तो वल्ह्यानं अंतर राखत होता. लाट वर आली तसा सरांनी हात लांबवून तळवा ओल्या खडकावर ठेवला. पुढच्या लाटेला पुन्हा ठेवला. आम्ही बोटीवरून पाहत होतो. खडक करडा होता, किंचित लालसर झाक असलेला, आणि त्याचे कण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे. परत आल्यावर सरांनी ते समजावलं. लाव्हा वर येऊन झटकन निवला की कण बारीक राहतात, म्हणून आपला काळा कातळ घट्ट. इथे तो खालीच अडकला, सावकाश निवला, म्हणून दाणे मोठे झाले. रस साधारण त्याच काळातला, निवण्याची तऱ्हा वेगळी. बोलताना त्यांचा ओला हात तसाच होता, त्यांनी तो पुसला नव्हता.

आपण सह्याद्रीला सोडून लांब आलो असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं. गुडघे आणि हृदयं थकली म्हणून गड सुटला, त्याच्या बदली समुद्र. पण तिथे, शिडं उतरवलेल्या बोटीवर, आम्ही सह्याद्रीच्याच दुसऱ्या कडेला उभे होतो. दगड तिकडचा इकडे राहिलेला आणि वारा इकडचा तिकडे जाणारा.

शेवटच्या मुक्कामी माहेच्या रानात डॉक्टर, धाकटा आणि मी थोडं चढलो. धाकट्यानं पालापाचोळ्यात एक बेडूक दाखवला, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा जरासा मोठा. गार्डिनरचा बेडूक; पूर्ण वाढ झाली तरी एवढाच. याच्या घराण्याचा जगातला सगळ्यांत जवळचा नातेवाईक आपल्या पश्चिम घाटात आहे, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरात. जांभळ्या रंगाचा, टोकदार नाकाचा तो बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो आणि वळवाचे नाहीतर मोसमी पावसाचे पहिले थेंब पडले की काही दिवस वर येतो. विज्ञानाला त्याची ओळख २००३ मध्ये पटली. भूखंड फाटलं तेव्हा घराण्याची एक पाती इकडे राहिली, एक तिकडे गेली. आणि तिकडची पाती जमिनीतून वर येते ती या वाऱ्याच्या पावसाच्या तोंडावर.

परतलो तेव्हा पुण्यात उकाडा होता. पाऊस आला, चांगला आला, त्याबद्दल सगळ्यांनीच लिहून झालंय.

दिवाळीनंतर सरांनी आम्हाला दोन गाड्यांत घालून खाली नेलं. खंडाळ्याच्या घाटात गाडी कडेला घेऊन समोरचे कडे दाखवले: लाव्हाचे थर एकावर एक, आडवे, पट्टीनं आखलेले. मग पनवेलच्या पुढे, मुंबईच्या अंगाला, एका जुन्या खाणीपाशी थांबलो. तिथे तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनं कललेले. किनाऱ्याचा हा भाग वाकलाय, सर म्हणाले, सेशेल्स सुटलं तेव्हा वाकला. चढ काहीच नव्हता, ताई काठी टेकत खडकापर्यंत आल्या. सरांनी कल मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं.

"बारा," ताईंनी वाचलं.

"म्हणजे तुटलं ते इथून?" कॅप्टननं विचारलं.

"इथून वाकलं. तुटलं त्या तिकडे, पाण्यात." मग सर म्हणाले, "हा सगळा लाव्हा ज्या ठिणगीतून वर आला ती अजून विझलेली नाही. रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून पेटतो."

कॅप्टननं तिथल्या तिथे फोनवर नकाशा उघडला. मॉरिशसहून शिडानं एका रात्रीची वाट, चांगला वारा असेल तर.

"चढावं लागेल ना पण?" ताई म्हणाल्या.

"कड्याच्या काठापर्यंत गाडी जाते."

"मग पैसे बाजूला टाकायला लागा," ताईंनी सांगितलं आणि यंत्र धाकट्याकडे दिलं, त्यालाही मोजायचं होतं.